वाड्यातलं जुनं खिशातलं पिस्तूल: बयाणा देण्याआधी काय पाहाल

भाऊ, बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. दारव्ह्याकडच्या एका जुन्या देशमुखी वाड्याची वाटणी चालू आहे. माळवदाखालच्या पेटीत वीतभर लांबीचं पिस्तूल सापडलं आणि घरचे ते ८५ हजारांना द्यायला तयार आहेत. १८०३ च्या इंग्रज-मराठ्यांमधल्या अडगावच्या लढाईत पूर्वजांना मिळालं, असं ते सांगतात. बाजूच्या पत्र्यावर इंग्रजीत ‘लंडन’ कोरलेलं आहे, नळीला खालून अंडाकृती शिक्का आहे, घोडा चढतो आणि चाप ओढला की पडतो. शंभर वर्षांवरचं आहे म्हणून परवाना लागत नाही असं तुम्हाला सांगितलंय, आणि लागलाच तर बाबांच्या नावावर रानडुकरांसाठी ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या) बंदुकीचा परवाना आहेच. फोटो पाठवून तुम्ही विचारता: घ्यावं का, आणि किंमत बरोबर आहे का?

किंमत बरोबर नाही. पण किमतीकडे मी शेवटी येईन. माझं आयुष्य अमरावतीकडे बंदूक दुरुस्तीच्या परवानाधारक दुकानात गेलं. आता हौशी संग्राहकांना वस्तू तपासून देतो. या कामात मी आधी कागद पाहतो, मग लोखंड आणि सगळ्यात शेवटी कहाणी ऐकतो. घेणारे बहुतेक कहाणीपासून सुरुवात करतात, म्हणून विकणाराही तीच आधी पुढे करतो.

शंभर वर्षांची गोष्ट आपल्याकडे इतकी पसरली आहे की चांगले शिकलेले लोकही ती छातीठोकपणे सांगतात. शस्त्र कायद्यात शंभर वर्षं कुठेच नाहीत. तो आकडा येतो पुरातन वस्तूंच्या १९७२ च्या कायद्यातून. कमीत कमी शंभर वर्षं जुनी वस्तू ‘पुरावशेष’ ठरते, तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. बंदूक बाळगायची मोकळीक त्या कायद्यातून मिळत नाही. मोकळीक आहे ती शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये. कालबाह्य बनावटीचं, पुरातन मोलाचं किंवा मोडकं हत्यार कायद्यातून सुटतं, पण एका अटीवर: ते आहे तसं किंवा दुरुस्त करूनही चालवता येता कामा नये. आज चालत नाही एवढ्याने भागत नाही. उद्या एखाद्या कारागिराने कमान (स्प्रिंग) बदलून, निपल, म्हणजे घोडा ज्यावर आदळतो तो भोकाचा छोटा तुकडा, बसवून ते चालतं करून दिलं, तर कायद्याच्या नजरेत ती बंदूकच.

तुमच्या पिस्तुलाचा घोडा चढतो, पडतो, निपल जागेवर आहे, नळी फुटलेली दिसत नाही. असं यंत्र म्हणजे एक मोठी कमान, एक खाचेचा तुकडा आणि चाप. ते दुरुस्त होण्यासारखं नाही असं कुठलाही जाणकार लिहून देणार नाही. मी तर नाहीच देणार. म्हणजे देशमुखांकडे त्याचा परवाना हवा असं धरून चला, आणि हातात घेऊन घरी आणण्याआधी तुमच्याकडे तुमच्या नावाचा हवा.

बाबांचा परवाना इथे कामाचा नाही. पीक संरक्षणाचा परवाना ठासणीच्या बंदुकीसाठी मिळतो. तो त्या एका बंदुकीचा, त्या एका माणसाचा आणि त्या एका कामाचा असतो. ‘तीही ठासणीची, हेही ठासणीचंच’ हे ठाण्यात सांगून पाहू नका. रोही आणि डुकरं वावरात येतात हे कारण हातभर नळीच्या बंदुकीला चालतं. वीतभर पिस्तुलाला कोणता अधिकारी ते मान्य करेल? पिस्तुलाचा अर्ज वेगळा, त्याची चौकशी वेगळी, आणि ग्रामीण भागात निर्णय जिल्हादंडाधिकाऱ्यांचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाने आलेलीसुद्धा त्यातच मोजतात. बिनपरवाना सापडल्यास कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आणि दंड. ८५ हजारांच्या व्यवहारात हा धोका कोणी तुमच्यासमोर मांडला नसेल म्हणून मी मांडतोय.

देशमुखांनी काय करावं, तेही सांगतो, कारण तुमचं गाडं तिथेच अडणार आहे. त्यांनी जुने दस्त चाळावेत. १८७८ च्या शस्त्र कायद्याखाली दिलेले परवाने वाड्यांतल्या बस्त्यांत अजून सापडतात, सारा पावत्या आणि सातबाऱ्याच्या नकलांमध्ये दबलेले. आजोबा-पणजोबांच्या नावाचा परवाना निघाला, तर वारसांनी पिस्तूल जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून स्वतःच्या नावाचा अर्ज करायचा. कलम २१ त्यासाठीच आहे. काहीच निघालं नाही, तर वकिलामार्फत लेखी अर्ज देऊन जमा करणं हाच रस्ता. पुढे विकायचं झालं तरी विकण्याआधी जिल्हादंडाधिकारी किंवा ठाणेदारांना लेखी कळवावं लागतं आणि ४५ दिवस थांबावं लागतं. हे सगळं विकणाऱ्याचं काम आहे. तुम्ही मदत म्हणून पिस्तूल ‘थोडे दिवस’ आपल्याकडे ठेवून घेऊ नका.

आणखी एक सल्ला गावात नक्की मिळेल: नळीत शिसं ओता, नाहीतर वेल्डिंग मारून घ्या, म्हणजे परवान्याची कटकट संपली. असं कोणालाही करू देऊ नका. बंदुकीत फेरफार करायलाही परवाना लागतो, गावच्या वेल्डरच्या ठिणगीने सरकारी दाखला मिळत नाही, आणि संग्राहकाच्या लेखी त्या वस्तूची किंमत त्याच दिवशी संपते.

आता लोखंड. पिस्तूल पाहायचं ते त्यांच्याच घरी, मालकासमोर, सकाळच्या उजेडात. सोबत भिंग, छोटी टॉर्च, मऊ सुती फडकं आणि बांबूची एक पातळ गुळगुळीत काडी न्या. काडी कशाला? नळी भरलेली आहे का ते आधी कळायला हवं. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीही पेटते. निपलवर टोपी, म्हणजे ठोक्याने पेटणारं तांब्याचं टोपण, बसलेली दिसली तर हात लावू नका, तिथेच थांबा. टोपी नसेल तर घोडा उतरलेला असताना, तोंड भिंतीकडे करून, काडी नळीत अलगद जाईल तेवढीच सोडा, तोंडापाशी नखाने खूण करा आणि काडी बाहेरून नळीला लावून पाहा. या जातीच्या पिस्तुलात नळीच्या तळाशी दारूची एक वाटी असते, ती नळीच्या पोकळीहून अरुंद. म्हणून काडी थोडी अलीकडे थांबणं ठीक आहे. पण बोटभर आधीच अडली तर आत काहीतरी आहे. कधी शिशाची गोळी असते, कधी कुंभारीण माशीचं मातीचं घर. दोन्ही बाबतीत उकरू नका, ठोकू नका. परवानाधारक कारागिराकडे ते मालकानेच रीतसर न्यावं.

हे झालं की नजर घोड्यावर. तुमच्या फोटोत घोडा पिस्तुलाच्या यंत्राच्या पेटीच्या मधोमध बसलाय, बाजूला नाही. यंत्र दोन चपट्या पत्र्यांमधल्या लोखंडी पेटीत आहे, मूठ अक्रोडाच्या लाकडाची, चपटी आणि खाली गोलसर. चाप दिसत नाही असं तुम्ही म्हणता. घोडा चढवला की तो खालून बाहेर येतो. खिशात अडकू नये म्हणून ही सोय. इंग्लंड आणि बेल्जियममध्ये ही जात दीर्घकाळ निघाली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ती चकमकीची होती: घोड्याच्या जबड्यात गारगोटी, समोर पोलादी झाकण, त्याखाली रंजकाची (पेटवणीच्या दारूची) छोटी वाटी. पुढे अलेक्झांडर फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश धर्मगुरूने १८०७ मध्ये ठोक्याने पेटणाऱ्या रसायनाचं पेटंट घेतलं. त्यातून पुढे तांब्याची टोपी आली, दिवाळीच्या टिकलीसारखी ठोक्याने पेटणारी. टोपी सर्रास झाली ती १८२० नंतर, आणि १८३० च्या दशकात नवीन पिस्तूल म्हटलं की टोपीदारच. १८५० नंतर रिव्हॉल्व्हर आणि काडतुसं येऊ लागली तशी ही एकबारी पिस्तुलं स्वस्त होत गेली. तेव्हा तुमचं पिस्तूल मूळचं टोपीदार असेल तर ते साधारण १८३० ते १८६० च्या दरम्यानचं धरा.

‘मूळचं’ म्हणालो, कारण चकमकीची बरीच पिस्तुलं नंतर टोपीची करून घेतली गेली. पेटीच्या वरच्या पृष्ठावर, निपलच्या भोवती, भिंग लावून पाहा. रंजकाची वाटी बुजवली असेल तर बुजवलेल्या तुकड्याची कड बारीक रेषेसारखी दिसते आणि त्याचा रंग आजूबाजूच्या लोखंडाहून वेगळा असतो. झाकणाच्या कमानीचं रिकामं किंवा भरलेलं भोक राहिलेलं असतं. घोडाही तेव्हा बदललेला असतो, त्याची कोरीव नक्षी बाजूच्या पत्र्याशी जुळत नाही. असा बदल त्या काळी झालेला असेल तर तो दोष नाही, उलट पिस्तूल दहा-वीस वर्षं आधीचं ठरतं. तुमच्या फोटोत मला अशी रेष दिसत नाही, पण फोटो वरून घेतलेला नाही.

नळी स्क्रूसारखी उलगडते का, हे कोणीतरी तुम्हाला करून दाखवायला निघेल. करू देऊ नका. ही नळी तोंडाच्या आतल्या खाचांत चावी घालून किंवा खालच्या छोट्या खुंटीला कडं अडकवून उघडायची असते. दीडशे वर्षांत आटे गंजून एकजीव झालेले असतात. लोक पाइप पान्हा लावतात आणि नळीवर पान्ह्याच्या दातांचे ओरखडे कायमचे उठतात. असे दात मला ज्या नळीवर दिसतात तिथे मी किमतीतून निम्मे काढतो. सहज उघडली तरच नळीच्या आणि पेटीच्या आतल्या कडेवर एकसारखा अंक किंवा खूण आहे का पाहा. जुळली तर नळी मूळची.

आता शिक्का, जिथे सगळ्यात जास्त वेळ द्यायचा. युरोपात नळी नेहमीपेक्षा जास्त दारू भरून उडवून पाहत, टिकली तरच तिच्यावर शिक्का मारत. त्यामुळे शिक्का म्हणजे त्या नळीचा जन्मदाखला. टॉर्च समोरून मारू नका, बाजूने जवळजवळ आडवी धरा. पुसट अक्षरंही सावलीने उठतात. नख फिरवून पाहा. ठोकलेल्या शिक्क्यात धातू कडेला सरकलेला असतो, नखाला बारीक उंचवटा लागतो. ओतीव शिक्क्याच्या कडा गोलसर गुळगुळीत असतात, आणि कोरलेल्या शिक्क्यात टाकीच्या रेघा दिसतात.

तुमच्या फोटोतला अंडाकृती शिक्का मी मोठा करून पाहिला. ई, एल, जी ही तीन अक्षरं आणि एक तारा. हा बेल्जियममधल्या लिएज शहराच्या चाचणी-घराचा शिक्का. १८९३ पासून त्या अंडाकृतीच्या डोक्यावर मुकुट येऊ लागला. तुमच्यात मुकुट दिसत नाही, म्हणजे नळी १८९३ च्या आधीची. बनावटीवरून जो काळ काढला त्याच्याशी हे जुळतं, म्हणून वस्तू अस्सल असण्याची शक्यता मला चांगली वाटते.

मग ‘लंडन’ काहून कोरलं? लिएजचे कारखानदार दुकानदार सांगेल ते कोरून देत, आणि लंडनच्या नावावर माल खपत असे. खुद्द इंग्लंडातही बर्मिंगहॅमचे कारागीर आपल्या मालावर बिनदिक्कत ‘लंडन’ लिहीत. म्हणून कोरलेलं गाव सोडा, ठोकलेला शिक्का धरा. लंडनच्या चाचणीत मुकुटाखाली जी-पी आणि मुकुटाखाली व्ही अशी अक्षरं येतात. बर्मिंगहॅमचं सरकारमान्य चाचणी-घर १८१३ मध्ये झालं. त्याचा शिक्का म्हणजे मुकुटाखाली एकमेकांना छेदणारे दोन राजदंड, एकाभोवती बी-पी-सी अक्षरं आणि दुसऱ्यावर व्ही. टोपीच्या काळातल्या, स्वतःला इंग्रजी म्हणवणाऱ्या पिस्तुलावर यातला एकही शिक्का नसेल तर मी पुढे पाहतच नाही. मुठीवर चांदीची छोटी पाटी असेल तर तिचाही हॉलमार्क पाहा. बर्मिंगहॅमच्या चांदीवर जहाजाचा नांगर असतो, तो १७७३ पासूनचा.

शिक्क्याजवळ कधी ५२, ८०, १२० असा आकडा असतो. त्याला लोक साल किंवा अनुक्रमांक समजतात. तो बोअरचा आकडा असतो, म्हणजे एक पौंड शिशातून त्या मापाच्या किती गोळ्या होतात. ५२ म्हणजे साधारण ०.४५ इंच, ८० म्हणजे ०.३९, १२० म्हणजे ०.३४. आकडा जितका मोठा, तितकी नळी बारीक. आकडा एक आणि नळीचं तोंड भलतंच, असं असेल तर नळी नंतर रुंदावलेली किंवा शिक्का खोटा.

कंपनी सरकारचा सिंह किंवा हृदयाच्या आकाराची खूण खिशातल्या पिस्तुलावर दिसली तर मला आनंद होत नाही, शंका येते. त्या खुणा फौजेच्या मालावर असत, घोडेस्वाराच्या मोठ्या पिस्तुलावर, बंदुकीवर. खिशातलं पिस्तूल साहेब आपल्या पदरच्या पैशाने घेई. नकली माल बनवणाऱ्यांना मात्र तो सिंह फार आवडतो.

आता अडगाव. अकोला जिल्ह्यातल्या अडगावची लढाई २९ नोव्हेंबर १८०३ ला झाली. एका बाजूला इंग्रजांचा सेनापती वेलस्ली, दुसऱ्या बाजूला भोसले आणि शिंद्यांची फौज. दोन आठवड्यांनी गाविलगडही पडला. तेव्हा फोर्साइथच्या पेटंटला अजून चार वर्षं होती, आणि टोपीचं पिस्तूल हातात यायला दोन-तीन दशकं. टोपीदार पिस्तूल अडगावला असणं शक्यच नाही. याचा अर्थ देशमुख खोटं बोलतात असा नाही. त्यांच्या घराण्यात अडगावच्या काळची एखादी तलवार किंवा तोड्याची (जळत्या वातीने पेटणारी) बंदूक असेलही. तीन-चार पिढ्यांत वस्तू हरवते आणि तिची गोष्ट उरलेल्या वस्तूला चिकटते. मी हे प्रत्येक वाड्यात पाहिलंय. वादात पडू नका, फक्त त्या गोष्टीचे पैसे देऊ नका.

मग बेल्जियमचं पिस्तूल दारव्ह्याला आलं कसं? वाटा भरपूर आहेत. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. १८६१ ते ६५ च्या अमेरिकन यादवीत तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. दलाल आले, पैसा आला, देशमुख-पाटलांच्या घरात झुंबरं आणि विलायती घड्याळं आली. १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली. कामठी आणि अचलपूरच्या छावण्यांतले अधिकारी बदलीवर जाताना सामान विकून जात. असं छोटं पिस्तूल कापसाच्या गाड्यांसोबत रोकड नेणाऱ्या माणसाच्या बंडीच्या खिशात असणं मला अडगावपेक्षा कितीतरी पटतं. मागाल तर त्यांच्या जमाखर्चाच्या वह्या मागा. त्या काळातल्या खरेदीची एक ओळ निघाली, तर तिचं मोल लढाईच्या तोंडी गोष्टीहून जास्त.

नकलेबद्दल. दिवाणखान्यात टांगायला आपल्याच देशात अशी पिस्तुलं आजही बनतात, त्यात गैर काही नाही. ती वर्षभर राखेत-मातीत मुरवून वाड्यातली म्हणून विकली की गैर होतं. मी सगळ्यात आधी स्क्रू पाहतो. जुन्या स्क्रूची खाच हाताने कापलेली, अरुंद आणि तळाला निमुळती. डोकी एकमेकांसारखी हुबेहूब नसतात. सगळी डोकी एका साच्यातून काढल्यासारखी, खाच रुंद आणि चौकोनी असेल तर माल कालचा. नक्षी पाहा: टाकीने कोरलेल्या वेलीची रेघ कुठे खोल, कुठे उथळ होते, ओतीव नक्षी सगळीकडे सारखीच बोथट असते आणि खोलगट भागात वाळूचे बारीक खड्डे राहतात. गंजही बोलतो. काळाने आलेला गंज गडद तपकिरी, काही जागी खोल, मुठीजवळ हाताच्या घामाने जास्त, झाकलेल्या जागी जवळजवळ नाही. आम्लाने आणलेला गंज नारिंगी आणि सगळीकडे एकसारखा, स्क्रूच्या खाचेतसुद्धा. आणि झीज कारण असेल तिथेच हवी: घोड्याच्या अंगठ्याच्या जागी, नळीच्या तोंडाच्या कडेला, मुठीच्या टोकाला. निपलला आरपार भोकच नाही, असंही मी पाहिलंय; ते तर सरळ शोभेचं.

विकणारा ‘डेरिंजर’ म्हणाला तरी हुरळू नका. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरच्या पिस्तुलाने १४ एप्रिल १८६५ ला अब्राहम लिंकनवर गोळी झाडली गेली, तेव्हापासून जगातलं प्रत्येक छोटं पिस्तूल डेरिंजर झालंय. आणि वाड्यातल्या पेटीतून सरकती स्लाइड आणि मॅगझिन असलेलं ब्राउनिंग किंवा वेब्ली जातीचं पिस्तूल निघालं, तर तो विसाव्या शतकातला माल; तिथे पुरातन वगैरे बोलायचंच नाही, पूर्ण परवान्याचा व्यवहार.

स्थिती पाहताना घोडा अर्ध्या चापावर थांबतो का, ते बघा: एक खटका वाजल्यावर चाप दाबला तर घोडा पडता कामा नये. पण रिकामा घोडा निपलवर आपटून दाखवू नका. निपलचं तोंड खिळ्याच्या डोक्यासारखं पसरतं. अंगठ्याने धरून हळू उतरवा. लाकडाला भेग असेल तर चालते. मूठच नवी असेल तर नाही. देशमुखांना एक निरोप मात्र आजच द्या: घासू नका. पाहुणे येणार म्हणून चिंच-मिठाने पितळ चकचकीत करतात तसं हे पॉलिश पेपरने घासलं, तर दीडशे वर्षांचा तपकिरी थर आणि निम्मा शिक्का जातो, मग मीही काही सांगू शकत नाही. आपल्याकडे लोखंडाला जवसाचं तेल लावायची सवय आहे; लाकडाला ते बरं, पण यंत्रात ते वाळून चिकट होतं आणि खटके अडकतात. मशीनच्या तेलाचा एक थेंब फडक्यावर घेऊन पुसणं एवढंच.

आता किंमत. विलायतेतल्या लिलावात साधं, कारागिराचं नाव नसलेलं बेल्जियन टोपीदार पिस्तूल साधारण शंभर ते दोनशे पाउंडांत जातं. नामांकित इंग्रजी कारागिराचं चांगल्या स्थितीतलं त्याच्या दुप्पट-तिप्पट. पेटीत बसवलेली जोडी, सोबत दारूची कुपी आणि गोळ्यांचा साचा, तर हजाराच्या वर. पण तो बाजार आपला नाही. तुम्ही हे बाहेर पाठवू शकत नाही, आणि इथे घेणारा कोण, तर परवाना असलेला किंवा मिळवायची तयारी असलेला संग्राहक. ती माणसं मोजकी. चालणाऱ्या विदेशी पिस्तुलांना भारतात जो चढा भाव मिळतो, तो खासगी आयात अनेक दशकं बंद आहे म्हणून. त्या भावाशी याची तुलना कोणी केली तर हसून सोडा. ते लोक काडतुसं भरून स्वसंरक्षणासाठी घेतात. याला ना काडतूस, ना दुसरी गोळी.

माझ्या हिशेबाने तुमच्या फोटोतली वस्तू, शिक्का खरा, नळी मूळची, घासाघीस नाही आणि कागद रीतसर, असं सगळं जुळलं तर १५ ते २० हजारांची. त्याच पेटीत साचा, चावी किंवा जोडीचं दुसरं पिस्तूल निघालं तर ३० पर्यंत जा. १८७८ च्या कायद्याखालचा जुना परवाना त्याच पिस्तुलाचा असेल तर मी स्वतः आणखी चार-पाच हजार हौसेने देईन, कारण घराण्याचा पुरावा तोच. कागद नसतील तर किंमत शून्य. ‘कागद नाहीत म्हणून दहा हजारांत घेऊन टाका’ ही ऑफर नक्की येईल. तीही शून्यच समजा.

देशमुखांशी बोलताना पाडून बोलू नका. वाटणीच्या घरात प्रत्येक भावाला वाटतं की दुसऱ्याने स्वस्तात फुंकलं. सगळ्या वारसांना एकत्र बसवा, शिक्का त्यांनाच भिंगातून दाखवा, बेल्जियमचा आहे हे त्यांच्याच डोळ्यांनी पाहू द्या. भाव आपोआप खाली येतो. एका भावाकडून परस्पर घेतलं आणि पुढे दुसऱ्याने ठाण्यात तक्रार केली, तर पिस्तूल जप्त आणि तुम्ही कोर्टाच्या चकरा मारणार.

मला चार फोटो आणखी हवेत: पेटी वरून, निपल मध्यभागी येईल असा, शिक्का आडव्या उजेडात, नळीचं तोंड सरळ समोरून, शेजारी मोजपट्टी धरून, आणि बाजूच्या पत्र्यावरचा एक स्क्रू, इतका जवळून की खाच मोजता येईल. फोटो त्यांच्या घरीच काढा. बयाणा मागितला तर सांगा, परवान्याची प्रत आधी, पैसे नंतर. आणि दिलाच तर पावतीवर सगळ्या वारसांच्या सह्या आणि ‘परवाना न मिळाल्यास रक्कम परत’ ही ओळ त्यांच्याच हातची लिहून घ्या.